‘पीआर पक्का’ म्हणण्याआधी त्या माहितीवर तारीख घाला

प्रति,
परदेशी शिक्षण आणि व्हिसाचा सल्ला देणाऱ्या पुण्यातल्या सर्व कन्सल्टन्सींचे चालक आणि समुपदेशक,
डेक्कन, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, कोथरूड, औंध, बाणेर, विमाननगर आणि जिथे जिथे तुमचा बोर्ड आहे तिथे

सप्रेम नमस्कार.

तुमची माझी प्रत्यक्ष ओळख नाही, पण तुमच्या हाताखालून गेलेल्या शेकडो फाइली मी पाहिल्या आहेत. मी एका सरकारी बँकेतून निवृत्त झाले. नोकरीची शेवटची अकरा वर्षं कर्ज विभागात गेली आणि त्यातला मोठा भाग शैक्षणिक कर्जांचा होता. तुमच्याकडून निघालेली फाइल शेवटी माझ्या टेबलावर यायची. वर विद्यापीठाचं ऑफर लेटर, मग फी स्ट्रक्चर, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर, वडिलांची तीन वर्षांची रिटर्न्स. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जाड, घराची कागदपत्रं. इंडेक्स टू, सर्च रिपोर्ट, व्हॅल्युएशन, सोसायटीचं ना हरकत पत्र. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, पण परदेशाचा खर्च साडेसात लाखांत कुठे भागतो? त्यामुळे धायरीचा, कर्वेनगरचा, चिंचवडचा टू बीएचके गहाण पडायचा.

एक गोष्ट आधीच कबूल करते. त्या अकरा वर्षांत मी घराचं टायटल डोळ्यांत तेल घालून तपासलं, पण समोर बसलेल्या आईवडिलांना एक साधा प्रश्न कधी विचारला नाही. शिक्षण संपल्यावर तुमचा मुलगा तिथे किती दिवस राहून काम करू शकतो, आणि हे तुम्हाला कोणी, कधी सांगितलं? माझ्या चेकलिस्टमध्ये तो प्रश्न नव्हता. मोरॅटोरियम शिक्षणाचा काळ अधिक एक वर्ष, त्यानंतर हप्ता सुरू, एवढं मला पाठ होतं. तो हप्ता ज्या पगारातून यायचा, तो पगार कोणत्या परवानगीवर उभा आहे, हे मी तुमच्यावर सोडलं होतं. तुम्ही सांगितलं असेलच, असं धरून चालले होते.

ते धरून चालणं ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं.

माझी भाची बी.फार्म. आहे. एका कंपनीत क्वालिटीमध्ये दहा वर्षं नोकरी केलेली, लग्न झालेलं, सहा वर्षांची मुलगी. तिला ऑस्ट्रेलियात पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचं होतं, दोन वर्षांचं. दसऱ्यानंतरच्या एका रविवारी ती फाइल घेऊन माझ्याकडे आली. “मावशी, बँकेत द्यायच्या आधी तू एकदा नजर घाल,” म्हणाली. कर्ज चाळीस लाखांचं. मी सवयीने कागदाच्या कडेला हिशोब मांडला. दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने डिसबर्समेंट, मोरॅटोरियममधलं व्याज मुद्दलात, दहा टक्के दर, दहा वर्षांची मुदत. हप्ता महिना पासष्ट हजारांच्या घरात जात होता. तिने फाइलमधून कन्सल्टन्सीचं गुळगुळीत कागदावरचं रंगीत माहितीपत्रक काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात एका चौकटीत ठळक लिहिलं होतं, “मास्टर्सनंतर ५ वर्षांपर्यंत वर्क राइट्स, पीआरचा थेट मार्ग.” पीआर म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. पाच वर्षं काम करता आलं तर पासष्ट हजारांचा हप्ता जड नाही, असा तिचा आणि जावयांचा हिशोब होता, आणि तो चौकटीपुरता बरोबर होता.

मी तिचं वय विचारलं. चौतीस वर्षं आणि आठ महिने.

मग आम्ही दोघी लॅपटॉप उघडून ऑस्ट्रेलियाच्या गृह खात्याच्या पानावर गेलो. ते पान सगळ्यांना खुलं आहे, पैसे लागत नाहीत. तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं. शिक्षणानंतर काम करायचा जो टेम्पररी ग्रॅज्युएट व्हिसा, सबक्लास ४८५, त्याची वयोमर्यादा १ जुलै २०२४ पासून पन्नासवरून पस्तीसवर आणलेली होती. आपल्या मुलांपैकी सवलत फक्त संशोधनाची मास्टर्स आणि पीएच.डी. करणाऱ्यांना. भाचीचा कोर्स फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू होऊन २०२६ च्या अखेरीला संपणार होता. तेव्हा तिला सदतिसावं संपत आलेलं असतं. म्हणजे पाच वर्षं सोडा, तिला त्या व्हिसाचा एक दिवससुद्धा मिळणार नव्हता.

आणि ती पाच वर्षं? काही निवडक पदव्यांना जुलै २०२३ मध्ये दोन वर्षांची वाढ दिली होती, त्यातून तीनाची पाच झाली होती. ती वाढही जुलै २०२४ मध्ये काढून घेतली गेली. भारतीयांना दोन देशांमधल्या व्यापार करारामुळे मास्टर्सनंतर तीन वर्षं मिळतात, तीही पस्तिशीच्या आत असाल तर. माहितीपत्रक जेव्हा छापलं तेव्हा खरं असेल. ते माझ्या भाचीच्या हातात पडलं तेव्हा नियम बदलून तीन महिने उलटून गेले होते.

तिने नोकरीचा राजीनामा आधीच दिला होता. नोटीस पिरियडचे अठरा दिवस उरले होते. कन्सल्टन्सीची फी गेली होती, विद्यापीठाचं डिपॉझिट गेलं होतं. व्हिसा नाकारला गेला तर विद्यापीठं फीचा मोठा भाग परत करतात, पण स्वतःहून माघार घेतली की कापाकापी होते, तशी तिची झाली. कंपनीने राजीनामा परत घेऊ दिला नाही. चार महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी. कन्सल्टन्सीत जाब विचारायला मी तिच्याबरोबर गेले होते. समोर बसलेली समुपदेशक मुलगी फार तर चोवीस-पंचवीसची असेल. ती खरोखर गोंधळली, तिचे डोळे भरून आले. म्हणाली, “मॅडम, आम्हाला ट्रेनिंगमध्ये हेच दिलंय.” त्या मुलीवर माझा राग नाही. तिला जुनं माहितीपत्रक हातात देऊन महिन्याचं टार्गेट लावणाऱ्यांना हे पत्र आहे.

गेल्या तीन वर्षांत नियम इतके आणि इतक्या वेगाने बदलले आहेत की कालचा सल्ला आज चुकीचा ठरतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी पालकांनी वाचावं म्हणून लिहिते, आणि प्रत्येक गोष्टीशेजारी महिना-साल लिहिते, कारण माझंही पत्र शिळं होणार आहे.

ऑस्ट्रेलियाचंच आधी संपवते. विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलर होती. जुलै २०२४ मध्ये ती १,६०० झाली आणि जुलै २०२५ मध्ये २,०००. आपल्या पैशात लाखाच्या वर, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत येत नाही. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाला २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, हे मे २०२४ पासून. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्रजीची अट वाढली, विद्यार्थी व्हिसाला आयईएलटीएस ६ आणि ४८५ ला ६.५. पर्यटक व्हिसावर जाऊन तिथूनच विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करायचा, ही पळवाट जुलै २०२४ मध्ये बंद झाली. अजूनही ती कोणी सुचवत असेल तर कृपया थांबा.

कुशल कामगारांच्या व्हिसाचं गणितही वेगळं झालं आहे. ७ डिसेंबर २०२४ पासून जुन्या ४८२ च्या जागी ‘स्किल्स इन डिमांड’ व्हिसा आला. त्यातल्या मुख्य प्रवाहात ४५६ व्यवसायांची यादी आहे, पगाराची किमान अट जुलै २०२५ मध्ये ७६,५१५ डॉलर झाली, आणि अनुभवाची अट दोन वर्षांवरून एका वर्षावर आली. मालकाने सोडलं तर दुसरा प्रायोजक शोधायला १८० दिवस मिळतात. हे बदल चांगले आहेत, मी त्यांचं स्वागत करते. पण यात प्रायोजक मालक लागतो. विद्यार्थी व्हिसाच्या पुढची पायरी म्हणून हा व्हिसा आपोआप मिळत नाही. तसंच गुणांवर मिळणाऱ्या पीआरचं. ६५ गुण झाले म्हणजे अर्ज टाकायची पात्रता आली, निमंत्रण आलं असं नव्हे. तुमच्या कार्यालयात बसून ६५ ची बेरीज झाली की पेढे वाटणारे आईवडील मी पाहिले आहेत. त्याच क्षणी त्यांना हा फरक सांगायला किती वेळ लागतो?

कॅनडाचं दुखणं अधिक खोल आहे, कारण तिथे आपल्याकडची मुलं डिप्लोमाला जातात. जानेवारी २०२४ मध्ये स्टडी परमिटवर मर्यादा आली. खात्यात दाखवायची रक्कम त्याच महिन्यात दहा हजारांवरून २०,६३५ डॉलर झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम भाड्याने चालवणारी खाजगी कॉलेजं होती, तिथे १५ मे २०२४ नंतर प्रवेश घेतलेल्यांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट मिळत नाही. नोव्हेंबर २०२४ पासून बहुतेक डिप्लोमांना विषयाचीही अट लागली. झटपट मंजुरीची एसडीएस योजना त्याच महिन्यात बंद झाली. आणि २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवरून पीआरसाठी निवड करायच्या पद्धतीत, नोकरीच्या ऑफरचे गुण, जे ५० किंवा २०० मिळायचे, ते काढून टाकले. का काढले? ऑफर लेटरं विकली जात होती म्हणून. २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांवर गेलेली पंजाबची मुलं कॅनडात हद्दपारीच्या नोटिसा हातात घेऊन रस्त्यावर बसली होती, ती दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली. ती मुलं तिथे दोन-चार वर्षं शिकली होती, कमावत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांना स्वतःचं पत्र खोटं आहे हेच माहीत नव्हतं.

ब्रिटनबद्दल एकच सांगते, कारण तिथली तारीख जवळ आली आहे. शिक्षणानंतर तिथे काम करू देणारा ग्रॅज्युएट रूट दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना दीड वर्षच मिळेल, पीएच.डी. वाल्यांना मात्र तीन वर्षं कायम. म्हणजे सप्टेंबर २०२६ च्या बॅचची मुलं सरळ दीड वर्षात येतात. त्यांना ‘दोन वर्षं’ सांगणं आजच्या घडीला चूक आहे. त्यात स्किल्ड वर्करसाठीच्या पगाराची सर्वसाधारण अट जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंडांवर गेली. आणि जानेवारी २०२४ पासून शिकवण्या घेऊन करायच्या मास्टर्सला नवरा, बायको, मुलं बरोबर नेता येत नाहीत, हे नव्या नवरीला विमानतळावर कळता कामा नये.

अमेरिकेच्या बाबतीत पुण्यात दोन्ही टोकांच्या अफवा ऐकते. २० सप्टेंबर २०२५ ची शनिवारची सकाळ मला आठवते, सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशीची. आमच्या सोसायटीत सुट्टीवर आलेला एक मुलगा अर्धवट भरलेली बॅग घेऊन मुंबईच्या टॅक्सीत बसला, कारण एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर एक लाख डॉलरची फी लागल्याची बातमी रात्रीत आली होती. आधीच व्हिसा असलेल्यांना ती लागू नाही, हे नंतर स्पष्ट झालं. अमेरिकेतच शिकत असलेल्या मुलाने तिथूनच एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरून एच-वन-बीवर बदल केला तर त्यालाही ती लागत नाही, हे ऑक्टोबरमध्ये त्यांच्या खात्याने लिहून दिलं. तेव्हा “आता अमेरिका संपली” हेही खरं नाही. पण “काही बदललेलं नाही” असं म्हणणंही खरं नाही. निवड आता नुसती सोडत राहिली नाही, जास्त पगाराच्या पातळीला जास्त संधी असं सूत्र आलं आहे, आणि नुकतंच शिकून बाहेर पडलेलं पोर त्यात खालच्या पायरीवर असतं. दरवर्षीच्या ८५ हजार जागा आहेत तेवढ्याच आहेत. ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना आणखी दोन, त्यावर कर्ज फेडायचा हिशोब बसतो का, हे मुलासमोर मांडा. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांच्या सोशल मीडियाची तपासणी होते, खाती सर्वांना खुली ठेवायला सांगतात. हे मुलाला मुंबईला बीकेसीत मुलाखतीला पाठवायच्या आदल्या रात्री सांगू नका.

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते. अर्जाबरोबरची उत्तरं.

ऑस्ट्रेलियाने मार्च २०२४ मध्ये ‘जेन्युइन टेम्पररी एन्ट्रंट’ ही अट काढून ‘जेन्युइन स्टुडंट’ आणली. आधी परत येणार असं पटवावं लागायचं. आता हाच कोर्स का, हाच देश का, त्याने तुझ्या कामाला काय उपयोग, हे प्रत्येकी दीडशे शब्दांत मुलाने सांगायचं. पुढेमागे तिथे राहायची इच्छा असणं हे आता नकाराचं कारण धरत नाहीत. भाचीच्या फाइलमध्ये जे उत्तर होतं त्यात मात्र आईवडिलांच्या म्हातारपणाची जबाबदारी, सणवार, मातृभूमीची ओढ आणि “शिक्षण संपताच मी भारतात परतेन” असं होतं. दहा वर्षं औषधाच्या क्वालिटीत काम केलेल्या बाईला पब्लिक हेल्थ का शिकायचं आहे, यावर एक ओळ नव्हती. आणि त्याच वेळी टेबलावरच्या माहितीपत्रकात पीआरचा थेट मार्ग! मी तिला म्हटलं, “हे तू लिहिलंस?” ती म्हणाली, “त्यांनी पाठवलं, मी सही केली.” अमेरिकेच्या एफ-वनला परत येण्याचा हेतू दाखवावाच लागतो, तो कायदा वेगळा. दोन देशांना एकच साचा चिकटवला की एका ठिकाणी ते जुनं ठरतं आणि दोन्ही ठिकाणी ते खोटं ठरतं. सही मात्र मुलाची असते. चुकीची माहिती दिली म्हणून बंदी आली तर ती मुलावर येते, तुमच्या बोर्डावर नाही.

ज्या पोरांनी इथे शाळेत ‘माझे ध्येय’ असा निबंध लिहिला आहे, त्यांना दीडशे शब्द लिहिता येत नाहीत असं नाही. त्यांना लिहू द्या. मराठीत आधी बोलू द्या. व्याकरण तुम्ही बघा.

कमिशनबद्दलही सरळ बोलू या. विद्यापीठं एजंटांना पहिल्या वर्षाच्या फीवर टक्केवारीने पैसे देतात, हे जगजाहीर आहे. कमिशन घेण्यात वावगं काही नाही, विम्याच्या एजंटलाही मिळतं. पण पालक समजतात की सल्ला मोफत आहे, आणि मोफत सल्ला म्हणजे निःस्वार्थ सल्ला. पाच विद्यापीठांची यादी समोर ठेवताना तीन कमिशन देणारी आणि दोन न देणारी असली, तर हे त्यांना कळायला हवं. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत कमिशन नसतं, म्हणून कितीतरी चांगल्या मेकॅनिकलच्या मुलांना जर्मनीचं नावच कोणी सुचवलं नाही. आता सगळीकडे अचानक जर्मनीचे फलक लागले आहेत, तिथेही ‘मोफत शिक्षण’ एवढंच मोठ्या अक्षरात. राहण्याच्या खर्चासाठी आधीच भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटचे ११,९०४ युरो सप्टेंबर २०२४ पासून लागतात. शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने युरोपबाहेरच्या मुलांना फी लावली आहे. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य तर २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं. याच राज्याशी महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला. जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला २० हजारांवरून ९० हजार व्हिसांची तयारी दाखवली आहे. संधी खरी आहे. पण ती इलेक्ट्रिशियनला, नर्सला, ड्रायव्हरला भाषा शिकल्यावरच मिळणार. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात संध्याकाळच्या वर्गाला बसलेली नोकरदार मुलं वर्षभर घासतात तेव्हा कुठे बी-वन या मधल्या पातळीच्या जवळ जातात. ‘तीन महिन्यांत जर्मन’ असं लिहू नका.

माझी मागणी काय आहे ते सांगते. ती बँकेतून उचललेली आहे.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सक्तीचं केलं. कर्जदाराला समजेल अशा भाषेत, सगळे खर्च धरून खरा व्याजदर, सगळे दंड, सगळ्या अटी, आणि त्यावर सही. मी निवृत्त झाल्यावर हा नियम आला याचं मला वाईट वाटतं, माझ्या काळात तो हवा होता. तुम्हीही असाच एक कागद द्या. कोणी कायदा करायची वाट न बघता. पैसे घेण्याआधी, मराठीत, तुमच्या शिक्क्यासह. कोर्स संपेल तेव्हा मुलाचं वय काय असेल आणि त्या वयाला कोणता व्हिसा किती महिन्यांचा मिळतो. ही माहिती त्या देशाच्या कोणत्या सरकारी पानावरून, कोणत्या तारखेला घेतली. त्या विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का. माघार घेतली तर कोणते पैसे बुडतात. आणि हे सांगणारा माणूस व्हिसाचा सल्ला द्यायला नोंदणीकृत आहे का. ऑस्ट्रेलियाची मारा आणि कॅनडाचं कॉलेज ऑफ इमिग्रेशन या व्हिसा सल्लागारांची नोंदणी करणाऱ्या संस्था, दोघांच्याही याद्या खुल्या आहेत, नोंदणी क्रमांक टाकला की नाव दिसतं. नोंदणी नसेल तर नाही म्हणून लिहा. प्रवेशाचं काम तरीही तुमच्याकडे येईलच.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १९८३ चा उत्प्रवासन कायदा नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटांना लागू होतो, विद्यार्थ्यांना पाठवणाऱ्यांना नाही. पंजाबने २०१२ मध्ये स्वतःचा कायदा करून कन्सल्टन्सी आणि आयईएलटीएसच्या क्लासेसनाही परवान्याखाली आणलं. तरी तिथे फसवणूक थांबली नाही, हे मान्य. म्हणून मी आधी सरकारला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. उद्या महाराष्ट्रात परवाने आले तर सगळ्यात आधी त्रास तुमच्यातल्या प्रामाणिक छोट्या कार्यालयांना होईल, आणि अशी कार्यालयं आहेत. सदाशिव पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांनी माझ्या शेजाऱ्यांच्या मुलाला स्पष्ट सांगितलं होतं, “तुझ्या मार्कांना आणि बाबांच्या पेन्शनला हे झेपणार नाही. दोन वर्षं नोकरी कर, मग ये.” फी घेतली नाही. तो मुलगा दोन वर्षांनी त्यांच्याकडेच गेला आणि आज नीट आहे. मागास आणि गरीब घरातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची, सारथीच्या शिष्यवृत्तीची माहितीही तेच देतात. या दोन्हींची कार्यालयं पुण्यातच आहेत, पण कितीशा कन्सल्टन्सीत त्यांचा साधा उल्लेख होतो? तिथे कमिशन नाही.

एक छोटी गोष्ट पालकांसाठीही इथेच टाकते, कारण त्यावरूनही चुकीचं सांगितलं जातं. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून फी पाठवली तर एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे परदेशी पाठवलेल्या पैशांवर आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. कोणी त्या नावाखाली वेगळी रक्कम मागत असेल तर देऊ नका, बँकेत विचारा.

परराष्ट्र मंत्रालयाच्या २०२४ च्या आकड्यांनुसार तेरा लाखांहून अधिक भारतीय मुलं परदेशात शिकत होती. त्यात पुण्याची किती हे मी मोजलेलं नाही, पण माझ्या शाखेतल्या कपाटात एकेका घराच्या चाव्यांसारख्या ठेवलेल्या त्या फाइली मी मोजल्या आहेत. त्यातले बहुतेक हप्ते नीट येतात. जे येत नाहीत, त्यांच्या घरी जायची वेळ माझ्यावर चार वेळा आली. चारही वेळा दार वडिलांनी उघडलं आणि मुलाचं काय झालं हे सांगायच्या आधी पाणी आणून दिलं.

पुढच्या सत्राची सेमिनार्स आता सुरू होतील. हॉटेलचे हॉल बुक झाले असतील, स्लाइड्स तयार असतील. त्यातल्या प्रत्येक स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली’ एवढी एक ओळ घाला आणि तो एक कागद छापून खुर्च्यांवर ठेवा. कागदाचा नमुना मी माझ्या हाताने तयार केला आहे, एका पानाचा, मराठीत. माझ्या भाचीने तो टाइप करून दिला. ज्यांना हवा असेल त्यांना मी तो स्वतः आणून देईन, तुमच्या समुपदेशकांबरोबर बसून एक-दोन फाइलींवर भरूनही दाखवीन. त्या पंचवीस वर्षांच्या मुलीच्या कार्यालयातही मी आनंदाने येईन.

कळावे,

आपली,
एक निवृत्त बँक अधिकारी
कोथरूड, पुणे